‘आय-फाइव्ह’ म्हणजे नक्की कुठला? पहिला गेमिंग पीसी, कमी बजेटमध्ये

आज पहिल्या गेमिंग पीसीबद्दल. त्यातही एकच गोष्ट धरून बोलणार आहे: दुकानातून मिळणारं कोटेशन.

आमच्या बिबवेवाडीतच, अप्परला माझा मामेभाऊ राहतो. नोकरीला लागून आठ महिने झालेत, पगारातून चाळीस हजार बाजूला काढलेत. त्याने मला एका दुकानाचं कोटेशन पाठवलं: ‘आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट.’ खाली मेसेज, “दादा, घेऊन टाकू का?”

मी म्हटलं, थांब, आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचार. नंबर आला ३४७०. हा प्रोसेसर २०१२ सालचा आहे! चार कोअर, चार थ्रेड. त्याच्यासोबत एच-६१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम. म्हणजे उद्या अपग्रेड करायचं ठरलं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर, तिन्ही काढून टाकायचे. २०२२ चा आय-थ्री १२१००एफ याला आरामात मागे टाकतो. नावात ‘फाइव्ह’ असल्याने काही होत नाही, पिढी बघायची.

दुसरा घोळ विंडोजचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढे चालतं. आमचे साहेब मुख्यतः व्हॅलोरंट खेळणार, आणि विंडोज ११ वर तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. जुन्या बोर्डवर हे कुठून आणायचं?

आता ते ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’. ते निघालं जीटी ७३०, म्हणजे २०१४ चं. सोसायटीच्या गच्चीवर भलीमोठी टाकी आहे आणि खाली येणारा पाइप अर्ध्या इंचाचा, तसा प्रकार. ४ जीबी मेमरी आहे, पण ती वापरणारी चिपच कमकुवत. कार्ड घेताना जीबीच्या आधी मॉडेल विचारा.

मग चाळीस हजारात काय? मॉनिटर त्याच्याकडे आहे, जुना, १०८०पी, ६० हर्ट्झ. तो मी तसाच ठेवायला सांगितला. माझं मत पडलं रायझन ५ ५६००जी. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच. व्हॅलोरंटसाठी ते पुरतं. कार्ड नंतर, पैसे जमले की. १२१००एफ स्वस्त पडतो, पण शेवटच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. त्यामुळे कार्ड आत्ताच घेणार असाल तरच तो घ्या.

५६००जी घेतलात तर रॅम ८-८ च्या दोन स्टिक लावा. १६ ची एकच नको. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. एका स्टिकवर त्याचा रस्ता निम्मा होतो आणि फ्रेम्स धाडकन पडतात. रॅमचे भाव मात्र २०२५ च्या शेवटापासून चढलेत, कारण कारखाने एआय डेटा सेंटरच्या मेमरीकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे हे बजेट आज घट्ट बसतं. पैसे कमी पडले तर कॅबिनेट साधं घ्या, लायटिंग सोडा.

एसएमपीएसवर मात्र हात आखडू नका. कॅबिनेटसोबत फुकट येतो त्यावर ‘४५० वॉट’चा स्टिकर असतो, पण बऱ्याचदा कार्डसाठीची ८ पिनची वायरच नसते. उद्या आरएक्स ६६०० लावायचं झालं तर ते एकटं १३२ वॉट घेतं. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा आत्ताच घेऊन ठेवा. ‘८० प्लस’ हे चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगतं, सुरक्षेची हमी वेगळी बघावी लागते. आपल्याकडे पावसाळ्यात संध्याकाळी लाईट जाते, येते, परत जाते. एक तकलादू एसएमपीएस जळताना बोर्डही सोबत नेऊ शकतो.

आणि हो, टिळक रोडला जा नाहीतर ऑनलाइन घ्या, प्रोसेसर ‘बॉक्स पीस’ आहे की ‘ट्रे’ हे विचाराच. एएमडीच्या बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा स्वस्त पडतो, पण तिथे वॉरंटी दुकानदार देईल तेवढीच. जीएसटी बिल घ्या, आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या. असेंबल्ड पीसीच्या बिलावर नुसतं ‘गेमिंग कॉम्प्युटर, १ नग’ लिहून देत असतील, तर तिथेच उभं राहून ते बदलून मागा.