नाकाची शस्त्रक्रिया आणि डोळा

नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे, वाढलेले मांस काढणे, दुर्बिणीने सायनस मोकळे करणे या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नेहमीच्या शस्त्रक्रिया. त्यांत डोळ्याला गंभीर इजा क्वचितच होते. मात्र ती इतकी विरळ असल्यामुळेच अनुभवातून शिकायला मिळत नाही. ज्याने वर्षानुवर्षे अशी इजा पाहिलेली नसते, त्यालाच एखाद्या रात्री ती काही मिनिटांत ओळखावी लागते.

एथमॉइड सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये लॅमिना पॅपिरेशिया हे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ हाड असते. काही जणांत जन्मतः किंवा जुन्या मारामुळे त्याला खंड पडलेला असतो. हाडापलीकडे चरबी आणि डोळा नाकाकडे वळवणारा मीडियल रेक्टस स्नायू. सायनसच्या छताशी अँटिरिअर एथमॉइडल धमनी आडवी जाते. ती डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या ऑफ्थॅल्मिक धमनीचीच शाखा आहे. मागच्या बाजूला, बुडापेस्टच्या अडॉल्फ ओनोडी यांच्या नावाने ओळखली जाणारी पोकळी असल्यास ऑप्टिक नर्व्ह थेट शस्त्रक्रियेच्या वाटेवर येते.

सर्वांत घातक म्हणजे डोळ्यामागचा रक्तस्राव. अँटिरिअर एथमॉइडल धमनी तुटली की तिचे टोक आखडून खोबणीत शिरते आणि तिथेच रक्त साचू लागते. खोबण हाडांची, पसरायला जागा नाही. दाब वाढतो आणि दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा थांबतो. भूल उतरताना रुग्ण डोळा ठणकत असल्याचे सांगतो, पापण्या काळ्यानिळ्या होतात, डोळा पुढे येतो आणि बंद पापणीवरून बोटाने चाचपला तर दगडासारखा लागतो. बाहुली मोठी दिसते. अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन खोबणीत झिरपले तरी बाहुली मोठी होते, पण तेव्हा त्या डोळ्यावर टॉर्च धरल्यास दुसऱ्या डोळ्याची बाहुली आकसते. दृष्टी धोक्यात असताना ती नीट आकसत नाही. हा फरक पाहायला टॉर्चखेरीज काही लागत नाही.

सोहनसिंग हायरे यांच्या ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्तपुरवठ्याविना सुमारे 97 मिनिटे तग धरला. त्यामुळे सीटी स्कॅनची वाट पाहणे चूक आहे. नाकातील पॅक लगेच काढावा. मॅनिटॉल आणि अ‍ॅसिटाझोलामाइड द्यावे, पण केवळ त्यांच्यावर विसंबू नये. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कात्रीने सुमारे एक सेंटिमीटर, हाडाच्या कडेपर्यंत उघडून खालच्या पापणीचा बंध कापावा. पापणी सैल होऊन हाडापासून सुटली की बंध पुरता कापला गेला असे समजावे. हे काम नेत्रतज्ज्ञाचेच, असा समज तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता परवडणारा नाही. प्रत्येक नाक-शल्यविशारदाला ते करता आलेच पाहिजे.

रक्तस्राव न होताही दृष्टी जाऊ शकते. टर्बिनेटमध्ये दाबाने दिलेल्या डेपो स्टेरॉइडचे कण धमनीतून उलट दिशेने जाऊन दृष्टिपटलाची धमनी बंद करतात. भुलेच्या औषधासोबतचे अ‍ॅड्रेनलिनही याच वाटेने जाऊन ती आकसवू शकते. म्हणून पडद्याच्या साध्या शस्त्रक्रियेतही, चाकू डोळ्यापासून लांब असला तरी, इंजेक्शन बारीक सुईने, आधी ओढून पाहून, अगदी सावकाश द्यावे.

मायक्रोडिब्रायडर मऊ भाग ओढून घेतो आणि त्याच क्षणी कापतो. हाड फुटलेले असेल तर मीडियल रेक्टस त्यात सापडतो. मग एकाची दोन दिसू लागतात आणि दुरुस्तीनंतरही ते पूर्ण बरे होईलच असे नाही. अश्रुनलिकेची इजा सौम्य असते; सतत पाणी गळत राहिल्यास नवी वाट करून देता येते. जोरात नाक शिंकरल्याने पापणीत हवा भरली तर ती बहुधा आपोआप जिरते.

शस्त्रक्रियेआधी सीटीचे काप पाहताना लॅमिना, धमनी आणि ओनोडी पोकळी यांची नोंद करावी. शस्त्रक्रिया चालू असताना दोन्ही डोळे उघडे, कापडाबाहेर ठेवावेत. शंका आल्यास सहायकाने डोळा हलके दाबावा आणि दुर्बिणीतून नाकातील भाग हलतो का ते पाहावे. हलला तर ती चरबी. तिला ओढू नये, कापू नये आणि त्या बाजूला पॅक घट्ट भरू नये.

वॉर्डच्या कागदावर नाडी आणि रक्तदाबासोबत दृष्टी, बाहुली व डोळ्याचा कडकपणा यांचे रकाने हवेत. पहिल्या रात्री सिस्टरने रुग्णाला जागे करून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासावेत. डोळा कडक लागला तर डॉक्टर पोहोचण्याआधी पॅक काढण्याची तिला लेखी मुभा असावी आणि कोपरा उघडण्याचा निर्जंतुक ट्रे वॉर्डातच तयार असावा.