रिपोर्ट नॉर्मल, दुखणे कायम

(जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून भाव, विमा आणि कर्ज यांवर पुष्कळ बोलणे झाले. मला दिलेला अर्धा तास मी एका वेगळ्या विषयाला देणार आहे. गेल्या दोन वर्षांत गावोगाव हिंडताना बैठक संपली, लोक उठले की कोणीतरी एक जण मागे रेंगाळतो. इकडेतिकडे पाहतो आणि हळू आवाजात सांगतो, "भाऊ, अंग सारखे दुखते. पोटरीतले मांस आपोआप उडते. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघाले नाही. घरचे म्हणतात, काम नको म्हणून नाटक करतो." बाया तर हेही सांगत नाहीत. शेजारीण सांगते, "हिला विचारा, हिचे खांदे चार वर्षांपासून जळतात."

हे चारचौघांत बोलायची लाज वाटते, म्हणून मी आज माइकवर बोलतो आहे. मलाही हेच आहे, सहा वर्षे झाली. मान, दोन्ही खांदे, कंबर. रात्री पाठ टेकली की पोटरीत, मांडीत, कधी अंगठ्याच्या मुळाशी मांस फडफडते. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात मला सांगितले गेले की तुम्हाला काही नाही, तुम्ही फार विचार करता. तीन मिनिटांत सांगितले. पैसे मात्र अख्ख्या दिवसाच्या मजुरीच्या कितीतरी पट घेतले.

मी शिकलो शेतकी. माणसांचा डॉक्टर नाही. पण पिकाच्या डॉक्टरला एक गोष्ट चांगली ठाऊक असते. लांब उघाड पडते, मग जोराचा पाऊस होतो, शेतात पाणी तुंबते, आणि भर बोंडांतली पऱ्हाटी दोन दिवसांत मान टाकते. झाड उपटून प्रयोगशाळेत न्या. बुरशी सापडत नाही, जंतू सापडत नाही. आम्ही त्याला 'आकस्मिक मर' असे नाव दिले आहे. जंतू सापडला नाही म्हणून पऱ्हाटी ढोंग करते, असे तुमच्यापैकी कोणी म्हटले आहे का? लाल्याचेही तसेच. पान लाल झाले म्हणजे एकच कारण असते असे नाही. कुठे नत्र कमी, कुठे मॅग्नेशियम कमी, कुठे तुडतुडे, कुठे पाणी साचलेले, कुठे रात्रीची थंडी, आणि पुष्कळदा हे सगळे थोडे थोडे. झाडाच्या बाबतीत आपण एवढे शहाणे असतो, मग माणसाच्या बाबतीत का नाही?

आता हे घडते कसे ते सांगतो. रानडुकरांसाठी आपण धुऱ्यावर तार बांधतो आणि तिला रिकामे डबे लावतो. डुक्कर तारेला लागले की डबे वाजतात. पण तार फार ताणली गेली तर वाऱ्याच्या झुळकेनेही डबे वाजतात, चिमणी बसली तरी वाजतात. डुक्कर नसते, पण वाजणे खोटे नसते आणि झोप खरोखर मोडते. आपल्या पाठीच्या कण्यातल्या आणि मेंदूतल्या मज्जातंतूंचे असेच होऊ शकते. जुनी इजा, वर्षानुवर्षांची अपुरी झोप, वाकून केलेले काम, डोक्यावरची काळजी, यांनी तार ताणली जाते आणि एरवी दुखू नये अशा गोष्टी दुखू लागतात. क्लिफर्ड वुल्फ नावाच्या संशोधकाने 1983 साली हे प्रयोगाने दाखवले. अंगभर दुखणाऱ्या अशा आजाराला फायब्रोमायल्जिया म्हणतात. 1990 साली डॉक्टरांनी त्यासाठी अंगावरचे 18 बिंदू ठरवले होते, त्यांतले 11 दाबल्यावर दुखले पाहिजेत. 2010 साली बिंदू मोजणे सोडून झोप, थकवा, किती ठिकाणी दुखते, असे विचारण्याची पद्धत आली. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी 2022 पासून लागू झाली. तिच्यात तीन महिन्यांहून जास्त टिकणारे आणि दुसऱ्या आजाराने न उलगडणारे दुखणे हाच एक स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला आहे. रिपोर्टात काही नाही म्हणून दुखणेच नाही, असे सांगणारा डॉक्टर जुन्या पुस्तकातून बोलतो आहे.

मांस उडण्याचे काय? एका मज्जातंतूला स्नायूचे काही धागे जोडलेले असतात. तो तंतू हुकूम नसताना सुटला की तेवढे धागे उडतात. डोळा लवतो तोही हाच प्रकार. उजवा लवला तर शुभ की डावा, हे ज्याने त्याने ठरवावे. दमणूक, जागरण, काळजी, फार चहा यांनी हे वाढते. पण ज्याने कोणाकडून तरी ऐकलेले असते की मांस उडणे हे हातपाय गळून मरण्याच्या आजाराचे लक्षण आहे, त्याची रात्र कशी जाते हे मी सांगू शकतो. म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेत मांस उडणारे, पण तपासणीत दुसरे काही न सापडलेले 121 रुग्ण डॉक्टरांनी नजरेखाली ठेवले. कोणी दोन वर्षे, कोणी बत्तीस वर्षे. 1993 साली निष्कर्ष छापला, की त्यांच्यापैकी एकालाही तो आजार झाला नाही. तो आजार नुसत्या फडफडीने ओळखू येत नाही. त्यात ताकद जाते. मुठीतून विळा सुटतो, चप्पल पायातून निघून जाते, हाताचे मांस आटते. तसे असेल तर उशीर न करता मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे जा. नुसती फडफड असेल आणि पोते पूर्वीसारखे उचलता येत असेल, तर झोपा.

एक फडफड मात्र वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मी हात जोडून सांगतो. फवारणीच्या दिवशी किंवा त्या रात्री मांस उडू लागले, घाम सुटला, तोंडाला लाळ आली, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, छाती भरून आली, तर ते या भाषणातले दुखणे नाही. ती विषबाधा आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधे, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस वगैरे, जसे किडीला मारतात तसेच माणसात काम करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला हुकूम पुसून टाकणारे रसायन ती बंद पाडतात. हुकूम पुसला जात नाही म्हणून स्नायू उडत राहतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून जास्त माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली, हे इथे बसलेल्या कोणाला सांगायला नको. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा लेबलासकट सोबत घ्या आणि सरकारी दवाखाना गाठा. बरे वाटले म्हणून दुसऱ्या दिवशी पळून येऊ नका. विष उतरल्यासारखे वाटून एक ते चार दिवसांत मान धरवत नाही, श्वास अडकतो, हे श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 साली नोंदवून ठेवले आहे. आणि काही औषधांनी दोन-तीन आठवड्यांनंतर पायांना मुंग्या येतात, पाय लुळे पडतात. तेव्हा फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव कॅलेंडरवर लिहून ठेवत जा. डॉक्टर विचारतो तेव्हा आपण डोके खाजवतो.

'काही निघाले नाही' म्हणण्याआधी ज्या तपासण्या खरोखर व्हायला हव्यात, त्या महाग नसतात आणि पुष्कळदा त्याच राहून जातात. साखर, थायरॉइड, कॅल्शियम, जीवनसत्त्व ब-12 आणि ड. माळकरी घरांत, जिथे मांस-अंडी नाहीत आणि दूध विकायला जाते, तिथे ब-12 कमी पडते. हातपाय बधिर होतात, मुंग्या येतात. उन्हात राबणाऱ्याला ड कसे कमी पडेल असे विचाराल, तर पूर्ण बाह्या, डोक्यावर पदर आणि तोंडाला फडके बांधून वेचणी करणाऱ्या बाईच्या अंगाला ऊन लागते तरी किती? दुसरे म्हणजे पाणी. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असा दंडक आहे. पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले आणि मोठ्यांची मान-कंबर आखडलेली असली, तर गोळ्या घेण्याआधी पाणी तपासा. गेलेले हाड परत येत नाही, पण पाणी बदलले तर पुढचे नुकसान थांबते.

याउलट कंबरेच्या एमआरआयसाठी जमीन गहाण टाकू नका. 2015 साली तीन हजारांवर माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. या माणसांना कसलेही दुखणे नव्हते. तरी विशीतल्या 37 टक्के आणि पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांच्या मणक्याच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. गादी झिजली म्हणून दुखते असे नाही आणि झिजली म्हणून ऑपरेशन करायलाच हवे असेही नाही. पाय लुळा पडत असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल, ताप किंवा वजन उतरणे असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबायचे नाही.

मेडिकलच्या गोळीबद्दल थोडे. डायक्लोफेनॅक घेतले की दोन तास बरे वाटते, म्हणून रोज घेतात. आकाशातली गिधाडे कुठे गेली ठाऊक आहे ना? जनावरांना हेच औषध टोचत होते. मेलेले जनावर खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस काही गिधाड नाही, पण रोजच्या गोळीने माणसाचीही मूत्रपिंडे जातात, पोटात व्रण होतात. आणि आठवडी बाजारात बसून बिननावाच्या पुड्या देणारा वैदू दोन दिवसांत उभे करतो, तेव्हा त्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड असते. तारेचा ताण कमी करणारी औषधे वेगळी आहेत. रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलीनची लहान मात्रा हे त्यांतले एक. ते मोठ्या मात्रेत उदासीच्या आजारावर देतात, म्हणून मेडिकलवाला 'ही डोक्याची गोळी' म्हणतो आणि आपण घाबरून परत करतो. डॉक्टरांनी दिली असेल तर त्यांनाच विचारून घ्या. मला तिने झोप दिली, आणि झोपेने बाकीचे थोडे सोपे केले.

औषधापेक्षा जास्त उपयोग झाला तो काम वाटून घेण्याचा. आपली खोड अशी, की बरे वाटले त्या दिवशी चार दिवसांची कामे उरकायची आणि मग चार दिवस खाटेवर. दुखेल म्हणून थांबायचे नाही आणि दुखेपर्यंत करायचेही नाही. घड्याळ लावून करायचे. मी निंदायला बसतो तो पाऊण तास. दुखत नसले तरी उठतो, धुऱ्यापर्यंत चालतो आणि परत येतो. सुरुवातीला वीस मिनिटांवर होतो. पाऊण तासाला यायला मला आठ महिने लागले. रोज सकाळी चालतो, दुखऱ्या दिवशी कमी, पण चालतो. पडून राहिलेला स्नायू आणखी दुखतो. संध्याकाळनंतर चहा बंद केला. खर्राही झोपेचा शत्रू आहे, पण त्याबद्दल या सभेत बोललो तर निम्मे लोक उठून जातील.

आता थोडे कडू बोलतो. घड्याळ लावून काम करणे मला परवडते, कारण शेत माझे आहे. आपल्याकडे वेचणीला येणारी बाई किलोवर येते. ओटीत कापूस पडला तर पैसे. ती पाऊण तासाने कशी उठेल? हा आजार बायांमध्ये जास्त सापडतो, आणि आपल्याच शेतात दिवसभर कंबरेत वाकलेल्या त्याच असतात. मजुरी परवडत नाही हे मला ठाऊक आहे, कापसाचा हिशेब मीही मांडतो. पण दिवसातून दोनदा सगळ्यांनी मिळून थांबायचे, पाणी प्यायचे, पाठ सरळ करायची, एवढे तर मालकाने स्वतः सांगता येते. मालक म्हणाला तरच ती थांबेल, एकटी थांबणार नाही. आणि घरी सुनेला 'तुला नेहमीचेच आहे' म्हणण्याऐवजी 'आज कोणते काम झेपेल' असे विचारले, तर स्वयंपाकही होतो आणि भांडणही टळते.

मघाशी चिठ्ठी आली आहे, "हे पूर्ण बरे होते का?" पुष्कळांचे कमी होते, काहींचे जाते, काहींचे राहते. माझे गेलेले नाही. आत्ता उभा आहे तरी डावा खांदा जळतो आहे. पण सहा वर्षांपूर्वी मी अर्धा तास उभा राहू शकत नव्हतो.

पुढच्या बैठकीला ज्या गावांत बोअरचे पाणी पितात, त्यांनी एक लिटर पाणी आणावे. फ्लोराइडच्या तपासणीला काचेची बाटली चालत नाही, धुतलेली प्लास्टिकची आणा. झाकणावर गावाचे आणि बोअरच्या जागेचे नाव चिकटवा. सगळ्या बाटल्या एकत्र जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत देऊ आणि निकाल गावाच्या नावानिशी याच अंकात छापू.