खाजणाचा बांध आणि आपण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या संस्थेने आजवर मुलांना पुस्तके दिली, अडलेल्या घरांना हात दिला. आज मी आणखी एका गरजवंताची बाजू मांडणार आहे. तो म्हणजे झुआरीकाठचा आपला खाजणाचा बांध.

चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून पूर्वजांनी खाडीकडून ही शेते मिळविली. सारी युक्ती मानशीत आहे. भरतीचे पाणी तिची दारे आपोआप मिटविते. ओहोटीला आतले पाणी ती उघडून बाहेर पडते. पावसाळ्यात कोरगुटाचे भात आणि मानशीवर मासळी, अशी दुहेरी कमाई. पूर्वी बांधाची काळजी गावकरी वाहत असे. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, हे न्याय्यच झाले. पुढे बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. मात्र सारा गाव धावून जाण्याची सवय मागे पडली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका बाकावर बसणारी दोन मुले एकमेकांशी बोलेनाशी झाली. एकाचे वडील शेतकरी, दुसऱ्याचे मासळीचे ठेकेदार. मासळीसाठी भरतीला दारे उघडी ठेवली, असे एक घर म्हणे. बांधाचे भोक वेळीच बुजविले नाही, असे दुसरे. शेत मात्र खारावले.

मी दोन्ही घरी गेलो. "मास्तर, तुमचे शेत नाही. तुम्ही कशाला मध्ये पडता?" असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, "शेत नाही, पण दोन्ही मुले माझी आहेत."

कुळे, ठेकेदार आणि जुने गावकार यांना एकत्र बसविण्यास तीन बैठका लागल्या. ठरले ते थोडेच: दारे दोन्ही पक्षांच्या देखत हलवायची, पावसापूर्वी बांधावरून एकत्र फेरी मारायची आणि बाहेरची खारफुटी तोडायची नाही, कारण लाटांचा मार तीच सोसते. चिखल वाहण्यास देवळाकडचे, चर्चकडचे आणि आमच्या मशिदीकडचेही लोक आले. पहिल्या वर्षी पीक आले नाही. पावसाने मीठ धुवावे लागते. यंदा निम्म्या शेतात भात उभे राहिले. निम्मे अजून बाकी आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच, की दरवर्षी मे महिन्यात संस्थेने आपले सभागृह अशा एका बैठकीसाठी उघडावे. पैशाची गोष्ट मागाहून पाहू. भांडलेली माणसे जिथे संकोचाशिवाय येऊन बसतील, अशी जागा गावात हीच आहे. आणि हो, ती दोन मुले पुन्हा एका बाकावर बसतात.