हौशी खेळाडू आणि डेक्कन जिमखाना

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर लागतें. तेथील असो किंवा मराठवाड्यांतील दुसऱ्या कोणत्याहि गांवचा असो, मुलांचा खो-खोचा डाव एकाच रीतीनें मांडला जातो. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टींत आठ गडी एकाआड एक उलट्या दिशांना तोंडें करून बसलेले, नववा पाठलागावर, आणि पळणारे तिघां-तिघांच्या तुकडीनें आंत येणारे. पाठलाग करणाऱ्यास माघारी वळतां येत नाहीं, मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं. हे सारें मुलांना मास्तरांनीं सांगितलेलें असतें, मास्तरांना त्यांच्या मास्तरांनीं. त्यामुळें ही रीत पांडवांपासून चालत आली असावी, असें कोणासहि वाटावें. खेळ जुना आहे हें खरें. परंतु नियमांची ही घडी बसविण्याचा उद्योग १९१४ सालीं पुण्यास सुरू झाला, आणि तो डेक्कन जिमखाना नांवाच्या हौशी मंडळींच्या संस्थेनें केला.

जिमखाना हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘गेंदखाना’ या देशी शब्दाचें इंग्रजांच्या तोंडीं झालेलें हें रूपांतर, असें कोशकार सांगतात. शब्द इथलाच, पण त्याचें दार पुष्कळ दिवस इथल्या माणसास बंद होतें. मुंबईचा बॉम्बे जिमखाना १८७५ सालीं निघाला तो युरोपियन लोकांपुरता. तेथें क्रिकेट होतें, टेनिस होतें, आणि रग्बीहि होती. लंबगोल चेंडू बगलेंत मारून धांवावें आणि प्रतिपक्षानें कंबरेस मिठी घालून भुईवर लोळवावें, असा हा रांगडा खेळ. हुतूतूंत मुरलेल्या गड्यास त्यांत परकें असें थोडेंच वाटलें असतें! परंतु रग्बी कुंपणाबाहेर फारशी आली नाहीं. कलकत्त्यास तर ती सुरवातीस रुजलीहि नाहीं. तेथील क्लब १८७८ सालीं मोडला, तेव्हां शिलकेंतील चांदीचे रुपये वितळवून सभासदांनीं एक चषक घडविला आणि तो विलायतेस पाठवून दिला. त्याच्या मुठी नागांच्या आहेत आणि झांकणावर हत्ती आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजहि त्या ‘कलकत्ता कपा’साठीं झुंजतात. रुपये इथले, खेळ तिकडचा! बॉम्बे जिमखान्याचेंच मैदान १९३३ च्या डिसेंबरांत हिंदुस्थानांतील पहिल्या कसोटी सामन्यासाठीं निवडलें गेलें. सी. के. नायडू त्या मैदानावर कप्तान म्हणून उतरले. सभासद म्हणून मात्र त्यांना तेथें प्रवेश नव्हता.

पुण्याच्या मंडळींनीं दाराशीं तिष्ठत राहण्यापेक्षां स्वतःचें घर बांधणें पसंत केलें. बंडोपंत भाजेकर यांच्या खटपटीनें १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला. क्रिकेट आणि टेनिस यांना त्यांत स्थान होतेंच. पण आट्यापाट्या आणि खो-खो यांनाहि होतें. देशी खेळांना नियमांची शिस्त लावावयाची आणि विलायती खेळ देशी माणसास मोकळे करावयाचे, असा हा दुहेरी उद्योग. पुढें तर त्या भागालाच संस्थेचें नांव पडलें.

या संस्थेच्या इतिहासांत सर्वांत बोलका प्रसंग आहे तो सर दोराबजी टाटांचा. विलायतेंत शिकलेल्या या गृहस्थांना मैदानी खेळांचें वेड होतें. १९१९ च्या सुमारास ते जिमखान्याच्या शर्यतींचे अध्यक्ष म्हणून आले आणि पाहातात तों काय, धांवणारे बहुतेक शेतकरी! पायांत कांहीं नाहीं, शास्त्रोक्त तालीम नाहीं, आंतरराष्ट्रीय नियमांची ओळख नाहीं. तरीहि घड्याळांतली वेळ युरोपांतील नाणावलेल्या धांवपटूंच्या फार मागें नव्हती. यांतलीं कांहीं माणसें ऑलिंपिकला न्यावयाचीं, ही कल्पना तेथें मूळ धरूं लागली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं साहाय्य केलें, टाटांनीं स्वतःची थैली सोडली, आणि १९२० सालीं बेल्जमच्या अँटवर्प शहरीं सहा जण गेले : फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी आणि पूर्मा बॅनर्जी हे धांवणारे, नवले आणि शिंदे हे कुस्तीगीर.

त्या वर्षीची मॅरॅथॉन साधी नव्हती. ती होती ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासांतील सर्वांत लांब. फिनलंडचा कोलेमाइनन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. बेळगांवचे चौगुले त्यानंतर सुमारें अठरा मिनिटांनीं पोंचले आणि त्यांचा क्रमांक १९ वा लागला. शिंदे कुस्तींत चौथे आले, म्हणजे पदक एका पायरीवर राहिलें. दोराबजी १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्या इमारतीचा पाया या सहा जणांच्या प्रवासांत आहे.

परंतु येथें एक अवघड प्रश्न उभा राहातो. हौशी म्हणजे कोण? ऑलिंपिकचा त्या वेळचा दंडक असा कीं, खेळावर पैसा मिळविणाऱ्यास आंत घ्यावयाचें नाहीं. अमेरिकेच्या जिम थॉर्पनें १९१२ सालीं दोन सुवर्णपदकें जिंकलीं, आणि पूर्वीं थोड्याशा वेतनावर तो बेसबॉल खेळला होता म्हणून पुढल्याच वर्षी तीं हिरावून घेतलीं गेलीं. हाच गज लावला तर जत्रेंत इनामाची कुस्ती मारणारा आपल्याकडील गडी कोठें बसतो? नारळ, फेटा आणि चार रुपये घेऊन तो घरीं येतो, कारण खुराकाला दूध-बदाम लागतात आणि ते फुकट मिळत नाहींत. ज्याची चूल खेळावांचूनहि पेटते त्यानें हा दंडक घातला. ज्याची पेटत नाहीं त्यास तो पाळावयाचा होता. डेक्कन जिमखान्याचें खरें मोठेपण असें कीं, तेथें अनवाणी शेतकऱ्यासहि शर्यतींत उभें राहतां आलें. पण त्यास समुद्रापार पाठविण्यास टाटांची थैली लागली, हेंहि विसरून चालणार नाहीं.

बत्तीस वर्षांनीं, देश स्वतंत्र झाल्यावरहि, चित्र फारसें पालटलें नव्हतें. खाशाबा जाधव १९५२ सालीं हेलसिंकीस निघाले तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकलें. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें, स्वतंत्र भारताचें पहिलें वैयक्तिक पदक.

मराठवाड्याचा प्रवास याहूनहि लांबचा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चाकूरचा मुलूख निजामी राज्यांत होता. पुणें-मुंबईच्या क्रीडासंस्थांचें वारें तिकडे उशिरां पोंचलें. तालमी मात्र होत्या, जत्रा होत्या, लाल माती होती. याच भागांतील, निलंगा तालुक्यांतील रामलिंग मुदगडचा हरिश्चंद्र बिराजदार तालमीसाठीं कोल्हापुरास गेला आणि १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यानें कुस्तीचें सुवर्णपदक जिंकलें.

हौशीपणाची ती अट कित्येक दशकांनीं गळून पडली. २०२२ सालीं पुण्यांतच खो-खोची व्यावसायिक साखळी स्पर्धा भरली. माती जाऊन तेथें मॅट आली, खेळाडूंना मोबदला मिळाला, आणि ‘वजीर’ नांवाच्या एका गड्यास कोणत्याहि दिशेस वळण्याची मुभा मिळाली. २०२५ च्या जानेवारींत दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. शाळांच्या मातीच्या मैदानांवर वजीर अजून फारसा आलेला नाहीं. तेथें पाठलाग करणारा चुकून मागें वळलाच, तर बसलेले आठहि जण एकदम ओरडतात.