शिक्षणपट्टी आणि बिलाची वटावणी

ब्रिटनमध्ये बांधकामाचे नवे कारागीर तयार व्हावेत म्हणून १९६४ च्या कायद्याने शिक्षणपट्टी सुरू झाली. ती भरावयाची मुख्य ठेकेदाराने. परंतु कित्येकजण ती पोटठेकेदाराच्या बिलातूनच कापून घेतात.

समजा, निव्वळ मजुरीचे १,००० पौंडांचे बिल आहे. गड्यांचा पगार भागविण्यासाठी पोटठेकेदार ते पेढीकडे वटवून ८०० पौंड उचलतो. पुढे ठेकेदार कराचे २०० आणि २०२२ च्या शेकडा १.२५ दराने पट्टीचे १२.५० पौंड वजा करून ७८७.५० पौंडच देतो. उचल अधिक, वसुली कमी! पोटठेकेदाराने वसुलीची हमी दिली असेल, तर ही तूट त्याच्याच माथी बसते. वर पेढीचा वटाव निराळाच. म्हणून करारातील कपातीचे कलम आधी वाचावे आणि हाती येणाऱ्या रकमेवरच उचल घ्यावी.