भुलाबाईची सायंकाळ

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदसारख्या वऱ्हाडी कसब्यात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागरीपर्यंतचा महिना भुलाबाईचा; आणि जिला ना बिदागी ठरते, ना रंगमंच लागतो, ना सरकारदरबारचा परवाना, अशी लोकसंगीताची जिवंत मैफल ऐकावयाची असेल, तर ती या महिन्यात टिपऱ्यांच्या ठेक्यावर घरोघर गाणाऱ्या मुलींच्या मेळ्यातच ऐकावी. मातीच्या भुलाबाई आणि भुलोजी म्हणजे पार्वती-शंकर. परंतु गीतांत कैलासाचे ऐश्वर्य नसून सासुरवास, माहेरची ओढ आणि रुसवेफुगवेच अधिक आहेत, आणि हाच, माझ्या मते, त्या देवतेचा खरा गौरव. गाणी संपली की झाकलेला खाऊ ओळखण्याचा खटला उभा राहतो. साक्षीपुरावा काय तो डब्याच्या आवाजाचा! कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात बसलेल्या भुलाबाईपुढे या उत्सवाचा समारोप होतो. अशी गाणी जपण्याचे म्हणाल, तर अमेरिकेत १९२८ साली वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने लोकगीतांचे स्वतंत्र दप्तर उघडले व पुढे गावोगावचे गायक ध्वनिमुद्रित करविले; आपल्या आज्यांची गाणी मात्र बहुतांशी कंठस्थच आहेत. ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनी येत्या कोजागरीपूर्वी तिची गाणी चालींसह नोंदवून ठेवावीत.