न चिकटणारी पट्टी

आधी एक प्रयोग सांगते, घरी करून बघा. शेतातला, सरकी काढलेला कापूस वाटीभर पाण्यावर टाका. तो तरंगत राहील. मग औषधाच्या दुकानातला कापूस टाका. तो भिजून बुडेल. दोन्ही कापूसच, पण बोंडातल्या कापसावर मेणाचा बारीक थर असतो. कारखान्यात तो कॉस्टिक सोड्यात उकळून, धुऊन काढतात. तेव्हा कुठे कापूस रक्त नि पाणी शोषू लागतो.

त्याच कापसाच्या सुताची जाळीदार पट्टी, म्हणजे गॉज. मी सत्तावीस वर्षं नर्स होते, गॉज बदलण्यातच माझी नोकरी गेली. एकदा ऊसतोडीवरची एक बाई आली. पायाच्या नडगीवर कोयता लागलेला. चार दिवसांनी पट्टी बदलायला घेतली, तर ती जखमेला चिकटून वाळलेली. मी घाईत होते, ओढली. बाईनं पदर दातांत धरला, हूं की चूं केलं नाही. पण पट्टीबरोबर नवी आलेली गुलाबी कातडीही निघाली होती. भळाभळा रक्त आलं. भरत आलेली जखम मीच पुन्हा उघडली. ते मला अजून आठवतं.

त्या काळी आम्ही एकच धरून होतो, जखम कोरडी ठेवा, खपली धरू द्या. खरं तर 1962 मध्येच इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या वरवरच्या जखमांवर करून दाखवलं होतं, की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघडी वाळू दिलेल्या जखमेपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगानं कातडी धरते. नवी कातडी ओलाव्यातून सरकत पुढे येते, कोरड्या खपलीखाली तिला वाट काढावी लागते. पण ओलसर म्हणजे घाण नव्हे, हे लगेच सांगते.

मग ओल राखणारी, पण चिकटत नाही अशी पट्टी कशाची करायची? तर समुद्री शेवाळाची. तपकिरी शेवाळ वाळवून सोड्याच्या पाण्यात शिजवलं, की अल्जिनेट नावाचा चिकट पदार्थ निघतो. तो शुद्ध करून पाण्यात कालवतात आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसा बारीक भोकांतून कॅल्शियमच्या पाण्यात सोडतात. पाण्यात पडताक्षणी त्याचा धागा होतो. धागे पिंजून नमद्यासारखी मऊ पट्टी करतात. जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यात मीठ असतं. त्यातला सोडियम धाग्यात शिरतो, कॅल्शियम बाहेर पडतो आणि पट्टीची चक्क जेली होते. सुटलेला कॅल्शियम रक्त गोठायला मदत करतो. बदलताना जेली पाण्यानं निघून येते, ओढावं लागत नाही.

तमिळनाडूत, मन्नारच्या आखातात, बायका बुडी मारून शेवाळ काढतात. खडकांनी बोटं कापू नयेत म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळतात. अल्जिनेटचं तपकिरी शेवाळ त्यांच्याच हातून किनाऱ्याला लागतं. पट्टीची किंमत मात्र साध्या गॉजच्या कितीतरी पट, तेव्हा त्यांच्या बोटांपर्यंत ती पोहोचत असेल असं मला वाटत नाही.

कोळंबी-खेकड्याच्या कवचातूनही कायटोसन काढतात. ते रक्तपेशींना आपल्याकडे ओढतं, म्हणून जोराच्या रक्तस्रावासाठी त्याच्या पट्ट्या करतात. मासळीची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

स्वस्त उपाय आपल्याकडेही शोधले गेलेत. मुंबईच्या शीव इस्पितळात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिलं. ते काढताना रुग्णांना फारसं दुखलं नाही. पण ऐकून कुणी परसातलं पान तोडून जखमेवर लावू नका. राख, शेण, टूथपेस्ट तर नकोच नको. आणि अल्जिनेट प्रत्येक जखमेला चालत नाही, ते पाझरणाऱ्या ओल्या जखमेसाठी. कोरड्या जखमेवर तेही चिकटेल.

गटांनी उद्योगाचं विचारलं म्हणून सांगते. कपडा विणता आला म्हणून ड्रेसिंग घरी करता येत नाही. ते जंतुविरहित करावं लागतं, आणि 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना लागतो. कुणी यंत्र विकत घ्या म्हणून गळ घातली, तर आधी परवाना कोण काढणार ते विचारा.

घरी करायचं ते साधं आहे. चिकटलेली पट्टी कधीच सुकी ओढू नका. पाणी उकळून गार करा, पट्टी त्यानं भिजवून पाच-दहा मिनिटं थांबा, मग कडेनं हळू सोडवा. घरात मधुमेही असेल तर रोज रात्री त्यांची पावलं दिव्याखाली बघा, कारण पाय बधिर झाला की जखम दुखत नाही. पायाला जखम दिसली, किंवा कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरायला लागली नाही, की दवाखाना गाठा. आणि पट्टी बदलणाऱ्या ताईला बिनधास्त विचारा, "आधी भिजवणार ना?" मला त्या बाईनं तेव्हा विचारलं असतं, तर बरं झालं असतं.